बर्फाच्या देशात जाणारे कारागीर

गोमंतकाच्या अगदी उत्तर टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेला जवळजवळ खेटून, पेडणे तालुक्यात मोपा नावाचे गाव आहे. जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार, त्यावर पावसाळ्यात उगवणारे गवत, उतारावरील काजूची झाडे आणि चरावयास आलेली गुरे, एवढीच या परिसराची जुनी ओळख होती. ११ डिसेंबर २०२२ रोजी या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्यास मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये याच धावपट्टीवरून रशियन बनावटीचे एक आयएल-७६ मालवाहू विमान अंटार्क्टिकावरील भारतीय तळांसाठी उपकरणे, औषधे आणि शिधासामग्री घेऊन केपटाऊनच्या वाटेने दक्षिणेकडे झेपावले. उन्हाने तापलेला जांभा आणि सदैव गोठलेला बर्फ यांच्यात असा थेट सांधा जुळावा, हा इतिहासातील एक नवलाचाच योग म्हणावयाचा.

अशा प्रसंगी आपले लक्ष स्वाभाविकपणे विमानाकडे, शास्त्रज्ञांकडे आणि त्यांच्या उपकरणांकडे जाते. परंतु त्या बर्फावर पोहोचलेली पेटी उघडावयाची कोणी? मोडलेली चौकट सांधावयाची कोणी? फाटलेले कापड शिवावयाचे, निसटलेला खिळा ठोकावयाचा, गळणारी नळी बंद करावयाची ती कोणाच्या हातांनी? ध्रुवप्रदेशाचा इतिहास वाचू लागले म्हणजे एक गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययास येते. तेथे माणूस जगला तो बव्हंशी कारागिराच्या हातांच्या भरवशावर; आणि तो कारागीर तेथे यशस्वी झाला तो केवळ कौशल्याने नव्हे, तर पूर्वतयारीने. या पूर्वतयारीचा इतिहास हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोणतीही हस्तकला आपल्या हवामानाशी जन्माचे नाते जोडून असते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. गोमंतकात आणि शेजारच्या सावंतवाडीत चितारी मंडळी लाकडी खेळण्यांना लाखेचा रंग देतात. वेगाने फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली म्हणजे घर्षणाने ऊब निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर तिचा गुळगुळीत लेप बसतो. म्हणजे या कलेत कारागिराच्या हाताइतकाच उष्णतेचाही वाटा आहे. डिचोलीचा कुंभार घ्या, किंवा चतुर्थीपूर्वी चित्रशाळेत चिकणमातीच्या गणेशमूर्ती घडविणारा मूर्तिकार घ्या. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत माती लवकर वाळत नाही, हे त्याला वडिलांपासून ठाऊक असते. म्हणून तो कामाचा आरंभ लवकर करतो, मूर्तींमध्ये अंतर ठेवतो, वेळप्रसंगी त्यांना ऊब देतो. ऋतू ओळखून हात चालविणे हीच त्याची अर्धी विद्या होय.

आता हेच हात शून्याखाली ३० अंशांच्या हवेत नेऊन ठेविले, अशी कल्पना करा. मातीतील पाणी गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. साहजिकच घडविलेली वस्तू तडकते. लाख वितळण्याऐवजी काचेसारखी ठिसूळ होते. ध्रुवप्रदेशाची हवा थंड तशीच अत्यंत कोरडी असल्याने लाकूड आकसते, सांधे सैल होतात. रबर कडक होऊन मोडते, वंगण घट्ट होते, सरस धरत नाही, आणि काही जातींचे पोलाद तर हातोड्याच्या एका घावाने दुभंगते. कारागिराने जन्मभर ज्या वस्तूंशी मैत्री केली, त्या साऱ्या तेथे परक्या होऊन वागू लागतात.

आणि वस्तूंचे राहो, खुद्द हातच परका होतो. थंडी लागताच शरीर आपली ऊब हृदय आणि मेंदू यांच्यासाठी राखून ठेवते व बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांच्या खाली गेले की बारीक कामातील सफाई कमी होऊ लागते. ते ८ अंशांच्या आसपास आले की स्पर्शज्ञानच मंदावते. सुई बोटांत आहे की गळून पडली, हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कळत नाही. उघड्या हाताने गोठलेले लोखंड धरले तर कातडी त्याला चिकटते आणि सोडविताना सोलून निघते. त्यात वारा असला म्हणजे संकट अनेक पटींनी वाढते. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकनांनी अंटार्क्टिकावर एका लहानशा प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते निरनिराळ्या वाऱ्यात गोठावयास किती वेळ लागतो हे मोजले, आणि वाऱ्याने वाढणाऱ्या गारठ्याचे गणित प्रथम मांडले. हातमोजे घालावेत तर बोटे जाड होतात, काढावेत तर ती गोठतात. ध्रुवप्रदेशातील प्रत्येक कारागिराचा मूळ पेच तो हाच.

या पेचातून पहिला मार्ग काढला तो सुतारांनी. जे काम थंडीत करणे दुष्कर, ते उबदार देशातच करून न्यावे, हा तो मार्ग. १८९९ साली कार्स्टन बोर्चग्रेविंक यांच्या नेतृत्वाखाली दहा माणसे केप अडेर येथे उतरली आणि अंटार्क्टिका खंडाच्या भूमीवर हिवाळा काढणारी पहिली तुकडी ठरली. त्यांची लाकडी घरे नॉर्वेत तयार केलेली होती. फळ्या तेथेच कापून, एकमेकींत बसतील अशा घडवून, जहाजात भरून आणल्या होत्या. बर्फावर उरले होते ते केवळ जुळविण्याचे काम. सव्वाशे वर्षे उलटली तरी त्यांतील वास्तू अद्याप उभी आहे. पुढे शॅकलटन यांनी १९०७ मध्ये आपले घर लंडनमध्ये प्रथम पुरते उभे करून पाहिले, मग सुटे करून जहाजावर चढविले. आज ही गोष्ट साधी वाटते. पण ‘आधी घरी जुळवून पाहा, मग घेऊन जा’ हा नियम पाळला नाही, तर एका चुकलेल्या भोकापायी सारी तुकडी उघड्यावर पडू शकते. बर्फावर दुसरे भोक पाडावयास वेळ नसतो आणि तेवढा वेळ बोटेही साथ देत नाहीत.

परंतु सगळेच काम घरून करून नेता येत नाही. काही कला तेथेच चालवाव्या लागतात. त्याचे सर्वांत मनोरम उदाहरण म्हणजे शॅकलटन यांच्याच तुकडीने १९०८ च्या हिवाळ्यात केप रॉइड्स येथे छापलेले ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’ हे पुस्तक. चार महिन्यांची रात्र, पंधरा माणसे आणि एक घर. या कोंडवाड्यात मन शाबूत राहावे म्हणून पुस्तक छापण्याची कल्पना निघाली. पण ती आयत्या वेळी सुचलेली हौस नव्हती. लंडनच्या सर जोसेफ कॉस्टन यांच्या पेढीने छापयंत्र, खिळे आणि कागद दिला होता. इतकेच नव्हे तर अर्नेस्ट जॉइस आणि फ्रँक वाइल्ड या दोघांना निघण्यापूर्वी खिळे जुळविण्याचे व छपाईचे शिक्षणही दिले होते. हे दोघे पेशाने दर्यावर्दी. दोरखंड आणि शिडे यांच्याशी परिचित. चित्रकार जॉर्ज मार्स्टन यांनी धातूच्या पत्र्यावरून चित्रे छापण्याची रीत शिकून घेतली होती.

तरीही बर्फाने त्यांना नव्याने शिकावयास लाविले. अवघ्या सहा-सात फुटांच्या कोठडीत त्यांचा छापखाना. थंडीने खिळे इतके गार पडत की हाती धरवत नसत, म्हणून खिळ्यांच्या घोडीखाली दिवा ठेवावा लागे. शाई घट्ट होऊन रुळावर पसरेना, म्हणून शाईच्या पत्र्याखाली पेटती मेणबत्ती ठेवावी लागे. मार्स्टन यांना निराळीच अडचण आली. तेथील पाण्यात मिठाचा अंश असल्याने त्यांच्या पत्र्यांवर त्याचा परिणाम होई. सारे सुरळीत चालले तर दिवसाकाठी दोन पाने छापून होत. पुठ्ठे कोठून आणावयाचे? बर्नार्ड डे यांनी शिध्याच्या खोक्यांच्या फळ्या घेतल्या, रंधून घासून गुळगुळीत केल्या आणि त्यांचीच बांधणी केली. काही प्रतींवर खोक्यावरील मूळ अक्षरे आजही वाचता येतात. सुमारे शंभर प्रती निघाल्या. अंटार्क्टिकावर लिहिलेले, छापलेले आणि बांधलेले हे पहिले पुस्तक होय.

छापखान्याचे नाव निघाले म्हणजे गोमंतकीयाला आपल्या घरची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. हिंदुस्थानातील पहिले छापयंत्र १५५६ साली गोव्यात उतरले. ते खरे म्हणजे ॲबिसिनियाकडे जावयाचे होते. परंतु ते गोव्यातच राहिले आणि सेंट पॉल महाविद्यालयात चालू झाले. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले, पण रोमन अक्षरांत. भाषा आपली, लिपी परकी, आणि यंत्र दूर देशीचे. एका हवामानातील व एका भाषेतील कला दुसरीकडे नेताना केवळ यंत्र नेऊन भागत नाही. खिळे, कागद, शाई आणि त्या भूमीला सरावलेला हात, हे सारे मागाहून उभे करावे लागते. गोव्यातील पहिल्या मुद्रकांनी आणि केप रॉइड्सच्या त्या दोन खलाशांनी साडेतीन शतकांच्या अंतराने एकच धडा गिरविला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुस्तक न निघते तर फार तर मने खिन्न झाली असती. परंतु १९११ सालच्या दोन मोहिमांत हातकामाचा प्रश्न थेट प्राणांशी येऊन भिडला. नॉर्वेचे रोआल्ड अमुंडसेन यांनी आपल्या फ्रामहाइम या तळाभोवती बर्फ कोरून दालने केली आणि संपूर्ण हिवाळा त्यांत कारखाना चालविला. ओलाव ब्यालांड हा निष्णात सुतार तेथे घसरगाड्यांची लाकडे रंधून पातळ करीत बसे. त्याने त्यांचे वजन निम्म्याहूनही खाली आणले. ऑस्कर विस्टिंग शिवणयंत्रावर तंबू व कपडे दुरुस्त करी. बूट तर पुन्हा पुन्हा उसवून शिवले गेले. कारण बूट किंचित घट्ट असला तरी पायातील रक्त अडते आणि बोटे गोठतात. एवढे करूनही ८ सप्टेंबरला घाईने कूच केले तेव्हा पारा उणे ५६ अंशांपर्यंत उतरला. होकायंत्रातील द्रव गोठला, काहींच्या टाचा हिमदंशाने गेल्या आणि तुकडीला परत फिरावे लागले. मग अमुंडसेन यांनी पुन्हा तयारी केली, बूट पुन्हा सुधारले, १९ ऑक्टोबरला ते चार जणांसह निघाले आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

त्याच वेळी इंग्रज कप्तान स्कॉट यांची तुकडीही ध्रुवाकडे निघाली होती. तेथे पोहोचून परत येताना पाचही जण १९१२ मध्ये मृत्युमुखी पडले. या शोकांतिकेची कारणे अनेक आहेत, आणि एका कारणावर सारा भार टाकणे इतिहासाला शोभणारे नाही. तथापि एक गोष्ट स्कॉट यांच्या दैनंदिनीत पुन्हा पुन्हा येते. वाटेवर साठवून ठेवलेल्या डब्यांत रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी भरले. डब्यांच्या बुचांना चामड्याच्या चकत्या होत्या. कडक थंडीत त्या आकसून तेल निसटले असावे, असे सामान्यतः मानले जाते. अमुंडसेन यांनी मात्र आपले डबे डाख देऊन पक्के बंद करविले होते. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळविणे नाही. म्हणजे पाणी नाही, ऊन अन्न नाही, ओले मोजे वाळविणे नाही. एका लोहाराच्या डाखेची आणि एका चामड्याच्या चकतीची किंमत काय असू शकते, हे याहून कठोर शब्दांत सांगता येणार नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिसरी मोहीम डॉ. हर्ष गुप्त यांची, १९८३–८४ ची. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या मूळच्या नागपूरच्या डॉ. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्त या दोघी याच मोहिमेत होत्या. त्या बर्फावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. याच मोहिमेत सैन्यदलाच्या साहाय्याने, अंटार्क्टिकाच्या एकाच उन्हाळ्याच्या अवधीत, ८१ जणांच्या तुकडीने ‘दक्षिण गंगोत्री’ हा आपला पहिला कायम तळ उभारला, आणि त्यात १२ जणांनी प्रथमच हिवाळा काढला.

हे काम ज्यांनी केले त्यांपैकी पुष्कळांनी त्यापूर्वी ध्रुवप्रदेश पाहिलाही नव्हता. घराचे भाग आधीच तयार करून नेले होते, म्हणजे केप अडेरच्या सुतारांचाच मार्ग. पण जुळविताना खिळपट्ट्या आवळावयाच्या, तारा जोडावयाच्या, वाऱ्यात तावदाने धरावयाची ती अखेर माणसाच्याच बोटांनी. उन्हाळा सरला म्हणजे समुद्र गोठतो आणि जहाजाला परतावे लागते. तेव्हा हात कितीही बधिर झाले तरी काम मुदतीत संपविणे भाग होते. दुर्दैवाने दक्षिण गंगोत्रीचा पाया खडकावर नसून समुद्रावर पसरलेल्या हिमफलकावर होता. वर्षानुवर्षे हिम साचत गेले, तळ त्यात बुडत गेला आणि १९९० मध्ये तो सोडावा लागला. ‘मैत्री’ हा दुसरा तळ मग शिरमाखर टेकड्यांच्या खडकावर खांबांवर उभारला गेला. २०१२ साली सुरू झालेल्या ‘भारती’ तळाची रचना तर १३४ मालवाहू पेट्या जुळवून केली आहे. ज्या पेट्यांतून सामान आले त्याच घराच्या भिंती झाल्या. केप रॉइड्सला खोक्यांच्या फळ्यांतून पुस्तकाचे पुठ्ठे निघाले होते. येथे पेट्यांतून घर निघाले. परिस्थिती एक असली म्हणजे कारागिराची बुद्धीही एकाच वाटेने चालते.

या मोहिमांचे सूत्रचालन आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून होते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या जाहिराती वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येईल. तिला शास्त्रज्ञांखेरीज सुतार, वेल्डर, यंत्रदुरुस्ती करणारे, वीजतंत्री, बाष्पकावरचे कामगार, आचारी आणि परिचारकही हवे असतात. निवड झालेल्यांची दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या संस्थेत त्यांना बर्फावर चालण्याचे, दोरावर चढण्याचे, थंडीत राहण्याचे शिक्षण मिळते. जन्मभर घामाने निथळत रंधा मारलेला माणूस तेथे प्रथम शिकतो ते हे की अंटार्क्टिकावर घाम हाच शत्रू आहे. कारण अंगावर भिजलेले कापड काम थांबताच गोठते. म्हणून तेथे जोर करून नव्हे, जपून काम करावे लागते.

या सव्वा शतकाच्या अनुभवातून जे नियम सिद्ध झाले आहेत ते थोडक्यात सांगता येतील. जेवढे कापणे-मोजणे घरी होईल तेवढे घरीच करावे आणि प्रत्येक भागावर खूण घालावी. अवजारांच्या मुठी लाकडाच्या किंवा गुंडाळलेल्या असाव्यात. उघडे लोखंड हाती येऊ नये. आत पातळ मोजा आणि वर जाड मोजा घालावा, व जाड मोजे दोरीने गळ्यात अडकवावेत. कारण वाऱ्याने उडालेला एक मोजा म्हणजे कदाचित गेलेला एक हात. जे काम तेथे करावयाचे ते मोजे घालून येथेच पुनःपुन्हा करून पाहावे. काम थोडा वेळ करावे, ऊब घ्यावी, पुन्हा करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोबत्याच्या बोटांकडे व नाकाकडे पाहत राहावे. कारण हिमदंश झालेल्याला तो झाल्याचे कळत नाही, शेजाऱ्याला मात्र पांढरा डाग दिसतो.

मैत्री तळ आता जुना झाला आहे आणि त्याच्या जागी दुसरा तळ उभारण्याची योजना भारत सरकारने आखली आहे. ते घर बांधावयास पुन्हा हात लागतील. गोमंतकातून निघणाऱ्या जहाजांवर आणि मोपाहून झेपावणाऱ्या विमानांत सामान चढविले जाईल. त्याची यादी छापली जाईल, पुढाऱ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतील. त्या यादीत न मावणारी एक वस्तू मात्र प्रत्येक वेळी बरोबर जाते, ती म्हणजे कारागिराच्या बोटांतील विद्या. ती नव्या हवामानासाठी तयार करावयास वेळ लागतो, खर्च लागतो, आणि तिच्याविषयी आदरही लागतो. पेडण्याच्या एखाद्या सुताराचा किंवा डिचोलीच्या एखाद्या वेल्डरचा मुलगा उद्या बर्फावर जाईल, तेव्हा त्याने आपले हात दहाही बोटांसह परत आणावेत एवढी तयारी त्याच्याकडून करवून घेणे, हे त्याला पाठविणाऱ्यांचे पहिले कर्तव्य आहे. ध्रुव जिंकल्याची गोष्ट इतिहास सांगतोच. डाख नीट बसली होती की नाही हेही त्याने विचारले पाहिजे.